समुद्रकाठचा शेजार : दक्षिण स्पेनमधले चाळीस दिवस

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षे रुळांच्या देखभालीत गेली. गँगसमोर बोलायची सवय आहे, सभेसमोर नाही. कार्यवाहांनी सांगितले, "तुम्ही स्पेनला जाऊन आलात ना, मग त्यावर बोला." मी म्हटले, मी काही सहलीला गेलो नव्हतो, बहिणीच्या बाळंतपणाला गेलो होतो. ते म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून उभा आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे २०१९ पासून दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर राहतात. मालागा शहराजवळ फुएन्गिरोला नावाचे गाव आहे, त्यातला लोस बोलिचेस हा जुना कोळीवाडा. मेहुणे मालागाच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये नोकरीला आहेत. बहिणीला २०२४ च्या जूनमध्ये दिवस भरत होते. आईला एकटीला पाठवणे शक्य नव्हते. मी शिल्लक रजा काढली आणि आई, मी आणि आमच्या सौ. असे तिघे जूनच्या मध्याला तिथे पोहोचलो. डिंकाचे लाडू, आळीव आणि बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी, एवढे आईचे सामान.

आईबद्दल थोडे सांगायला हवे. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील गेल्यावर आई इथे लालागुड्याला माझ्याकडे आली, त्याला आता बारा वर्षे झाली. या बारा वर्षांत आई क्वार्टरच्या बाहेर फारशी पडली नाही. देवपूजा, टीव्ही, स्वयंपाकघर. मला वाटे, वय झाले, हिला बाहेर आवडत नाही. हा माझा समज किती चुकीचा होता, हेच आज सांगायचे आहे.

प्रथम रेल्वेवाला म्हणून दोन गोष्टी सांगतो, नाहीतर सहकारी मला घरी जाऊ देणार नाहीत. मालागाहून फुएन्गिरोलापर्यंत किनाऱ्याने लोकल धावते. साधारण तीस किलोमीटरचा मार्ग आणि दर वीस मिनिटांनी गाडी. बराचसा मार्ग एकेरी आहे, ठरावीक स्टेशनांत क्रॉसिंग. एकेरी लाइनवर वीस मिनिटांची वारंवारता म्हणजे काय, हे इथल्या कंट्रोलवाल्यांना सांगायला नको. एका गाडीला दोन मिनिटे उशीर झाला की समोरची गाडी उभी. पूर्वी या किनाऱ्यावर मीटर गेज होती. आपल्याकडच्या कितीतरी मार्गांसारखी तीही मोठ्या गेजची झाली आणि १९७५ साली आजची लाइन सुरू झाली. विमानतळाला तिचे स्टेशन आहे, त्यामुळे आम्ही बॅगा ओढत थेट लोकलमध्येच चढलो.

तिथली जुनी गेज आहे १६६८ मिलिमीटर. आपली १६७६. फरक फक्त आठ मिलिमीटरचा. आपण सारे युरोप चार फूट साडेआठ इंचाचे समजतो, पण स्पेन-पोर्तुगाल आपल्यासारखेच रुंद. हायस्पीड लाइन मात्र त्यांनी युरोपच्या गेजवर टाकली आणि ती डिसेंबर २००७ मध्ये मालागापर्यंत आली. २०१६ साली आपल्याकडे दिल्ली-मुंबई चाचणीत बारा तासांच्या आत पोहोचलेली ताल्गो गाडीही स्पेनचीच. लोस बोलिचेसच्या फलाटावर मी रूळ बघत उभा राहिलो, तेव्हा सौ. म्हणाल्या, "आठ हजार किलोमीटर येऊन तुम्ही पुन्हा रूळच बघा!"

आता तिथल्या दिवसाविषयी. या किनाऱ्याचे नाव कोस्ता देल सोल, म्हणजे सूर्याचा किनारा. नाव खोटे नाही. पण पहिले आठ दिवस आमचे घड्याळ काही जुळेना. जूनअखेरीस तिथे सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या पुढे. कारण असे की, मालागा रेखांशाने लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण १९४० साली स्पेनने आपले घड्याळ एक तास पुढे करून बर्लिनच्या वेळेला नेऊन बांधले आणि ते तसेच राहिले. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे दुपारचे जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचे साडेनऊ-दहाला. दुपारी दोन ते पाच छोटी दुकाने बंद. मालागाकडे तेराल नावाचा वारा आहे, तो डोंगराकडून सुटला की आपल्या मे महिन्याची आठवण होते. अशा वेळी खिडक्यांचे पडदे ओढून माणसे आत. आपल्या पुणेकरांना एक ते चारवरून हसणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

सकाळी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफीला जायचो. मालागात कॉफी मागायची रीत न्यारी. दूध किती आणि कॉफी किती, त्यावर दहा नावे. अर्धी-अर्धी म्हणजे मिताद, दूध जास्त म्हणजे सोम्ब्रा, म्हणजे सावली, आणि कॉफीचा नुसता रंग म्हणजे नुबे, म्हणजे ढग. ही पद्धत मालागातल्या ज्या जुन्या कॅफेने रूढ केली, तो २०२२ च्या जानेवारीत बंद झाला. पण नावे राहिली. आपल्या कटिंग चहाचेच हे भावंड. मी चाळीस दिवस सोम्ब्रावर काढले.

खाण्यात सर्वांत आनंद आईला झाला. तिथे वाळूवर ज्या खानावळी असतात त्यांना चिरिंगितो म्हणतात. दारात एक जुनी होडी, तिच्यात वाळू भरलेली, वाळूवर लाकडाचा विस्तव. वेताच्या काडीत पाच-सहा मासे ओवायचे, काडी वाळूत तिरकी रोवायची आणि नुसते जाड मीठ लावून भाजायचे. याला एस्पेतो म्हणतात. आईने ताट बघितले आणि म्हणाली, "अरे, या तर तारल्या!" खरेच, आपल्या तारल्यांची ती मावसबहीणच. तिथले लोक म्हणतात, ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यांत तारली उत्तम, म्हणजे मे ते ऑगस्ट. तारली असते तेव्हाच खायची, हे आईला कोणी शिकवायची गरज नव्हती. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. बदाम आणि लसूण वाटून केलेले गार सार मिळते, वर द्राक्षे घालतात, ते आमच्या सौ.ना फार आवडले.

बाळ झाले जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मुलगी. बहीण घरी आली आणि आईची ड्यूटी सुरू झाली. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. त्यांचे वडील, आजोबा तिथलेच कोळी. पहिल्या दिवशी त्या बाळाला बघायला वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ओला!" म्हणजे त्यांच्या भाषेत नमस्कार. आई दुपट्याला हात लावून म्हणाली, "नाही हो, आत्ताच बदललाय." आम्ही सगळे हसलो, आणि का हसलो ते कळल्यावर त्या बाई आमच्यापेक्षा जास्त हसल्या. त्या दिवसापासून त्या दोघींचा 'ओला' सुरू झाला.

संध्याकाळी आठनंतर त्या बाई आपली खुर्ची उचलून इमारतीच्या दाराशी रस्त्यावर आणून ठेवत. शेजारच्या चार-पाच बायका, एक-दोन म्हातारे, प्रत्येकाची आपापली खुर्ची. याला तिथे 'तोमार एल फ्रेस्को' म्हणतात, गारवा घेणे म्हणा. अंदालुसियात ही जुनी रीत. कादिस प्रांतात आल्गार नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या महापौरांनी २०२१ साली, ही खुर्च्या टाकून बोलत बसायची रीत जपली जावी म्हणून तिला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत घ्यावे असा आग्रह धरला. वाचून मला आधी हसू आले. गप्पांचा कसला वारसा? मग वाटले, मोबाइल हातात आल्यापासून आपल्या वसाहतीत ओट्यावर कोण बसते?

तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी दोन खुर्च्या आणल्या. दुसरीवर हात थोपटला आणि आईला म्हणाल्या, "सिएन्तेसे." बसा. आई बसली. मग रोजच बसायला लागली. भाषा शून्य. आई मराठीत बोले, त्या स्पॅनिशमध्ये. गुडघे, नातवंडे, मासळीचा भाव, या विषयांना भाषा लागत नाही असे दिसते. चाळीस दिवसांत आईने तीसेक शब्द उचलले. एकदा मला म्हणाली, "त्या बाईंचे मालक समुद्रात जायचे. वादळाच्या रात्री त्या अशाच दारात बसून राहायच्या." हे तिला कसे कळले, मला अजून समजलेले नाही.

तिथे एक गोष्ट मनाला लागली. या किनाऱ्यावर परदेशी लोक फार. इंग्रज पेन्शनर, जर्मन, आणि फुएन्गिरोलात तर फिनलंडच्या लोकांची मोठी वस्ती, त्यांची वेगळी शाळासुद्धा आहे. १९५९ साली शेजारच्या तोरेमोलिनोसला पहिले मोठे हॉटेल उघडले आणि मासेमारीची गावे हळूहळू पर्यटनाची झाली. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक इंग्रज जोडपे होते. वीस वर्षे तिथे राहिलेले. अतिशय सज्जन. पण त्यांचे दुकान इंग्रजी, वर्तमानपत्र इंग्रजी, हॉटेल इंग्रजी. खुर्च्यांसमोरून जाताना मान डोलवत आणि पुढे जात. १४ जुलैला युरो कपची फायनल होती, स्पेन विरुद्ध इंग्लंड. एका बाजूच्या हॉटेलांत इंग्रज, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. स्पेन २-१ ने जिंकले आणि रात्रभर हॉर्न वाजत होते. दुसऱ्या दिवशी त्या इंग्रज गृहस्थांनी मला सांगितले, "खालच्या बाईंचे अभिनंदन करावेसे वाटले, पण त्यासाठीचे शब्द येत नाहीत." वीस वर्षे! मी मनात त्यांना नावे ठेवली. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याच डोक्यात आले, लालागुड्याला आपल्या भिंतीपलीकडे जी तेलुगू अम्मा राहते, तिच्याशी आपली आई बारा वर्षांत किती बोलली? आणि आपण तरी?

मित्रहो, तो प्रश्न मी बरोबर घेऊन आलो. त्याच्याकडे येतो, आधी थोडे फिरून येऊ.

२३ जूनला सान हुआनची रात्र. किनाऱ्यावर ठिकठिकाणी होळ्या पेटतात. चिंध्यांचे पुतळे करून जाळतात, त्यांना हुआस म्हणतात, आणि मध्यरात्री लोक समुद्राच्या पाण्याने तोंड धुतात. सौ. आणि मी दोघांनीही धुतले. होळी आणि धुळवड एकाच रात्री आटोपली!

एका रविवारी आम्ही दोघे मालागाहून गाडीने एल चोरोला गेलो. तिथे उभ्या कड्याला चिकटलेली पायवाट आहे, कामिनितो देल रेय, राजाची छोटी वाट. खाली नदी साधारण शंभर मीटरवर. ती बांधली १९०१ ते १९०५ मध्ये, राजासाठी नव्हे, तर जलविद्युत केंद्राच्या कामगारांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता यावे म्हणून. १९२१ साली राजा आल्फोन्सो तेरावा धरणाच्या समारंभाला आला, त्या वाटेने चालला, आणि नाव राजाचे पडले. पुढे देखभाल थांबली. काँक्रीट निखळले, सळ्या उघड्या पडल्या. १९९९ आणि २००० साली माणसे पडून दगावली तेव्हा वाट बंद केली. नव्याने बांधून २०१५ साली ती उघडली. आता डोक्यावर हेल्मेट घालून चालायचे. नव्या वाटेखाली जुनी मोडकी वाट जागोजाग दिसते. समोरच्या कड्यातून १८६५ ची रेल्वे लाइन बोगद्यामागून बोगदे काढत जाते आणि तिच्यावरून आजही गाड्या धावतात. एकाच घळीत रेल्वे टिकली आणि पायवाट पडली. फरक कशाचा? रोज कोणीतरी हातोडी घेऊन फिरण्याचा. इथे बसलेल्या ट्रॅकमन बांधवांना मी आणखी काय सांगू?

१६ जुलैला कोळ्यांच्या देवीचा, कार्मेनच्या मातेचा सण. लोस बोलिचेसचे लोक मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवत किनाऱ्यावर येतात आणि खांद्यावरूनच समुद्रात नेतात. सगळा किनारा माणसांनी भरलेला. आई खालच्या बाईंचा हात धरून वाळूत उभी होती. मूर्ती पाण्यात शिरली आणि आईच्या तोंडून आपोआप निघाले, "गणपती बाप्पा मोरया!" फरक एवढाच की त्यांची देवी पुन्हा देवळात परत येते. आईने मला विचारले, "मग यांना हुरहुर कधी लागते?" मला उत्तर सुचले नाही.

आता शेवटची गोष्ट. बहिणीच्या घराचा पाच वर्षांचा करार त्या उन्हाळ्यात संपत होता. घरमालकाने कळवले, करार पुढे वाढवायचा नाही. पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने दिले की पैसा जास्त. अशी पाळी तिथे अनेकांवर येते. २९ जून २०२४ ला मालागात हजारो लोक घरभाड्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. मालागा राहण्यासाठी हवी, नुसता तग धरण्यासाठी नको, असे त्यांचे म्हणणे. खालच्या बाईंचा नातू हॉटेलात काम करतो, त्याला स्वतःच्या आजोबांच्या गावात खोली परवडत नाही. पाहुण्यांमुळे गाव जगते आणि पाहुण्यांमुळेच गावकऱ्याला जागा उरत नाही, असा हा गुंता. आमचे मेहुणे रोज रात्री संगणकावर घरे शोधत. हातात तान्हे बाळ, भाडी दीडपट. बहीण रडायची. एकदा तर परत भारतात यायचेच ठरले होते.

एके संध्याकाळी आईने खुर्चीवर बसल्या बसल्या खालच्या बाईंना सांगितले. काय आणि कसे, देव जाणे. बोटाने इमारत दाखवली, बाळ दाखवले, हात हलवून 'नाही' केले. त्या बाई उठल्या आणि दोन खुर्च्यांपलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलल्या. त्याच्या बहिणीचे घर मागच्या गल्लीत रिकामे होते. पर्यटकांना द्यायची तिची इच्छा नव्हती, ओळखीचे कोणी हवे होते. ऑगस्टमध्ये बहीण त्या घरात गेली. जुने घर, लिफ्ट नाही, पण भाडे झेपेल असे. मेहुण्यांनी दोन महिने संगणकावर जे शोधले ते आईला खुर्चीवर बसून मिळाले.

निघताना त्या बाई आईच्या गळ्यात पडल्या. आईने त्यांना कुंकू लावून खणाचे कापड दिले.

लालागुड्याला परत आल्यावर दोन दिवस आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "दोन खुर्च्या बाहेर काढ." मी काढल्या. आई एका खुर्चीवर बसली आणि शेजारची अम्मा दारातली मुग्गू पुसायला आली तेव्हा दुसरीवर हात थोपटला. अम्मा बुजली. आईने मला विचारले, "बसा, हे यांच्या भाषेत कसे म्हणतात?" मला, इतकी वर्षे इथे नोकरी केलेल्या माणसाला, आठवावे लागले. "कूर्चोंडी." आई म्हणाली, "कूर्चोंडी." आणि अम्मा बसली.

आज वर्ष उलटून गेले. अम्माच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर भाकरी-भाजी आमच्याकडून गेली. मी जानेवारीत ड्यूटीवर असताना आईला चक्कर आली, तेव्हा तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेणारा अम्माचा मुलगा. बारा वर्षांपैकी अकरा वर्षे ही भिंत तिथेच होती. भिंतीचा दोष नव्हता.

आपले मंडळ जुने आहे, आपला उत्सव देखणा आहे. पण या शहरात गणपती काही फक्त आपला नाही. खैरताबादला १९५४ पासून बसतो आहे. तरीही आपल्या मांडवात सूचना फक्त मराठीत, कार्यक्रम फक्त मराठी, आणि शेजारी प्रसादापुरते. मराठी सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. आईने तिथे चाळीस दिवस मराठीच सोडली नाही! माझी विनंती लहान आहे. उद्याच्या आरतीनंतर मांडवासमोर ज्या खुर्च्या आपण ओळीने लावतो, त्या थोड्या रस्त्याकडे तोंड करून लावा, आणि प्रत्येकाने एक जादा ठेवा. त्यासाठी लागणारा तेलुगू शब्द मी आत्ताच सांगितला आहे.

आई समोर बसली आहे, तिच्या शेजारी अम्माही आहेत. त्यांना यातले काय कळले ते मला घरी गेल्यावर आईकडूनच कळेल.

गणपती बाप्पा मोरया!